ग्रामपंचायतीचं जुनं दप्तर: काय ठेवायचं, काय नष्ट करायचं आणि कसं?

नवखा_पंचायत
ग्रामपंचायतीची एक खोली, १२ बाय १० फूट. आत दोनेकशे गठ्ठे. काही रुमालात, काही सुतळीने बांधलेले, काही चक्क खताच्या पोत्यात. यादी नाही. नव्या इमारतीत जायचंय, म्हणून महिन्याभरात खोली रिकामी हवी. सरपंचांचं म्हणणं, दहा वर्षांपूर्वीचं सगळं रद्दीत घाला. अ, ब, क, ड हे वर्ग ऐकून माहीत आहेत, पण प्रत्यक्ष हात कुठून घालायचा? आणि नष्ट करायला परवानगी कुणाची लागते?

दप्तरदार
आधी सरपंचांसाठी उत्तर: "दहा वर्षांपूर्वीचं सगळं" असा कुठलाही वर्ग नाही. वर्ग असे: अ म्हणजे कायम, ब म्हणजे ३० वर्षं, क म्हणजे १०, क-१ म्हणजे ५ आणि ड म्हणजे १ वर्ष. ही वर्षं कागदावरच्या तारखेपासून मोजत नाहीत, प्रकरण निकाली निघाल्यापासून मोजतात. २००९ साली उघडलेली नस्ती (म्हणजे एका प्रकरणाची फाइल) २०१७ ला बंद झाली असेल आणि ती क वर्गातली असेल, तर ती २०२७ च्या आधी हलत नाही. गठ्ठ्यावर "सन २००९" लिहिलेलं बघून ती रद्दीत टाकली की पुढच्या लेखापरीक्षणात उत्तर तुम्हाला द्यावं लागेल, सरपंचांना नाही.

आता सुरुवात. खोलीतला एकही गठ्ठा एवढ्यात उघडायचा नाही. आधी जिथे आहे तिथेच प्रत्येकाला खडूने नंबर घाला, १ ते २००. मग वहीत नंबर, वरून दिसणारा विषय आणि दिसणारी वर्षं, एवढंच लिहा. दोन माणसांना दीड दिवस पुरतो. बहुतेक जण उलटं करतात. एक गठ्ठा उघडून वाचत बसतात, संध्याकाळपर्यंत जमिनीवर पाच ढीग होतात आणि कोणता कागद कोणत्या रुमालातला ते कुणालाच सांगता येत नाही. कागद कुठून आला ही माहितीसुद्धा दप्तरच आहे. ती एकदा गेली की परत येत नाही.

लेखाआक्षेप
दप्तरदारांशी सहमत. भर घालतो. वर्षं भरली म्हणून नष्ट करता येतंच असं नाही. प्रमाणकं म्हणजे खर्चाची व्हाउचरं (नमुना १२), पावतीपुस्तकं (नमुना ७ आणि १०), रोकड वही (नमुना ५) हे आधी लेखापरीक्षणातून सुटायला हवं. स्थानिक निधी लेखापरीक्षेचा एखादा आक्षेप त्या वर्षावर उघडा असेल, तर त्या वर्षाची प्रमाणकं मुदत संपली तरी तशीच ठेवायची. आक्षेप निकाली निघाल्याचं पत्र हातात आलं की मगच.

यात सगळ्यात जास्त चुकतं ते निधीच्या बाबतीत. चौदाव्या वित्त आयोगाचा काळ २०१५ ते २०२०. त्या कामांची अंदाजपत्रकं, मोजमाप पुस्तिका आणि प्रमाणकं तीन वेगवेगळ्या रुमालांत असतात. कुणीतरी प्रमाणकं क वर्गाची म्हणून काढतो आणि मोजमाप पुस्तिका राहते. मग खर्च दिसतो, पण त्याचा आधार नसतो. कामाच्या नस्तीचे सगळे भाग एकत्र बघा आणि त्यातला जो सर्वात वरच्या वर्गाचा कागद असेल तोच वर्ग सगळ्या नस्तीला लावा.

नवखा_पंचायत
म्हणजे नस्तीत वीस पोचपावत्या आणि एक बक्षीसपत्र असेल तर सगळी नस्ती अ?

लेखाआक्षेप
हो. तुमच्या उदाहरणात जागेचं बक्षीसपत्र आहे, त्यामुळे आख्खी नस्ती कायम. वीस पोचपावत्या आधीच काढायला हव्या होत्या. त्यालाच निंदणीकरण म्हणतात. शेतात पीक ठेवून तण काढतात तसं. दुबार प्रती, बिनकामाची स्मरणपत्रं, सभेच्या नोटिसांच्या जादा प्रती बाजूला करायच्या, उरलेल्या पानांना पृष्ठांक द्यायचे, वर अनुक्रमणिका लावायची आणि मुखपृष्ठावर वर्ग लिहून सही करायची. हे नस्ती बंद करतानाच केलं तर दहा मिनिटांचं काम. वीस वर्षांनी केलं तर तासभर, आणि तेव्हा सही करणारा माणूस निवृत्त झालेला असतो.

सहागठ्ठा
इथे सहा गठ्ठा पद्धतीची, म्हणजे टेबलावरची प्रकरणं सहा गठ्ठ्यांत लावण्याची, आठवण करून द्यावीशी वाटते. प्रलंबित, प्रतीक्षाधीन (उत्तराची वाट बघणारी), नियतकालिकं (ठरावीक मुदतीने पाठवायचे अहवाल), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणं आणि ड वर्गाची नष्ट करायची प्रकरणं. लोक पहिले दोन गठ्ठे प्रामाणिकपणे ठेवतात, कारण साहेब तेच विचारतात. पाचवा आणि सहावा कुणी बघत नाही, म्हणून सगळ्या नस्त्या तिथेच साचतात. नव्या कार्यालयात पहिल्या दिवसापासून पाचवा गठ्ठा महिन्यातून एकदा ठरलेल्या तारखेला रिकामा करा, नाहीतर पाच वर्षांत पुन्हा हीच खोली.

मोडीवाचक
कृपया एक गोष्ट ध्यानात घ्या. खताच्या पोत्यात काय आहे ते मोडी लिपी वाचता येणाऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय काहीही ठरवू नका. जुनी जन्म-मृत्यूची कोतवाल बुकं, म्हणजे गाव नमुना १४, बऱ्याच गावांत ग्रामपंचायतीच्या खोलीतच पडलेली असतात. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमल्यावर १९६७ पूर्वीच्या कुणबी नोंदी शोधायला जी धावपळ झाली, त्यात अशाच वह्यांना भाव आला. त्याच्या वर्षभर आधी त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. शाळेचं जुनं जनरल रजिस्टर, पीक पाहणीची पानं, घरपट्टीच्या जुन्या वह्या, यातली एक ओळ एखाद्याच्या जात वैधतेला पुरते.

मोडी वहीची ओळख सोपी: अक्षरं शिरोरेषेला लटकलेली, शब्द तोडल्याशिवाय सलग, कागद जाड, पिवळट आणि किंचित खरखरीत. बोरूने लिहिताना वापरलेल्या काही शायांच्या ठिकाणी कागद तपकिरी होऊन ठिसूळ झालेला असतो. तिथे बोट ओलं करून पान उलटलं की अक्षरासकट तुकडा हातात येतो. कोरड्या, स्वच्छ हाताने पान खालच्या कोपऱ्यातून उचला. आणि दुरुस्ती म्हणून सेलोटेप अजिबात नको. काही वर्षांत चिकटपट्टीचा गोंद कागदात मुरतो, पट्टी गळून पडते आणि पानावर तेलकट डाग कायमचा राहतो. लॅमिनेशनही तसंच, एकदा केलं की उलट फिरवता येत नाही.

दप्तरदार
+१. जन्म-मृत्यूची नोंदवही तर कुठल्याही परिस्थितीत कायम. १९६९ च्या अधिनियमाखालच्या नमुन्यांबद्दल कुणाच्या मनात शंका नसते, पण त्याआधीच्या कोतवाल बुकांना कुणी नोंदवही समजतच नाही.

तुमच्या गठ्ठ्यांत वाद न घालता कायम ठेवायचे असे: ग्रामसभेची आणि मासिक सभेची कार्यवृत्त पुस्तकं, नमुना ८ कर आकारणी, नमुना २२ स्थावर मालमत्ता, जागेचे दस्त, गावठाणाचे नकाशे. बाकीच्यासाठी विभागाचं मंजूर परिशिष्ट, म्हणजे कोणता कागद कोणत्या वर्गात त्याची यादी, गटविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून मागून घ्या. स्वतःच्या अंदाजाने वर्ग लावू नका. आणि परिशिष्टात नाव न सापडलेला कागद ड समजायचा नाही. तो "निर्णयार्थ" म्हणून वेगळा ठेवून विचारायचा.

डिजिटलदादा
एवढी कटकट कशाला? सगळं स्कॅन करा आणि कागद मोडीत काढा. ई-ऑफिसच्या जमान्यात रुमाल कोण बांधतंय?

लेखाआक्षेप
डिजिटलदादा, अ वर्गाच्या बाबतीत तरी हे डोक्यातून काढा. स्कॅन ही प्रत आहे. न्यायालयात मूळ मागितलं की मूळच द्यावं लागतं. इलेक्ट्रॉनिक प्रत पुरावा म्हणून द्यायची झाली तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र हवं, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा असलेला आकडा, लिहावं लागतं. तुमच्या स्कॅनिंगच्या ठेकेदाराने हॅश काढून दिलं आहे का? बहुतेक वेळा ठेकेदार देतो ती एक हार्ड डिस्क, तिच्यात "न्यू फोल्डर ३".

स्कॅन करायचाच तर ३०० डीपीआय, पीडीएफ-ए (दीर्घकाळ जपण्यासाठीचा पीडीएफ), एका नस्तीची एक फाइल. फाइलचं नाव म्हणजे गठ्ठा क्रमांक आणि नस्ती क्रमांक. फिकट शाईची पानं रंगीत घ्या. काळं-पांढरं घेतलं की शिक्क्याची जांभळी शाई गायब होते. दोन प्रती, एक कार्यालयात आणि एक पंचायत समितीत. वर्षातून एकदा तरी दहा-वीस फाइली उघडून बघायच्या, नुसती डिस्क कपाटात असून उपयोग नाही.

डिजिटलदादा
हॅशचा मुद्दा मान्य. पण क आणि ड वर्गासाठी स्कॅन करून ठेवायचं?

लेखाआक्षेप
ड ला कशाला? मुदत संपल्यावर जे नष्टच करायचं, ते स्कॅन करणं म्हणजे कचऱ्याची नक्कल काढणं. पैसे अ आणि ब वर घाला.

वेखंड
खोली बदलताय तर साठवणुकीचं बोलू. साधं सहा-साडेसहा फुटी स्लॉटेड अँगलचं रॅक, ३ फूट रुंद, १५ इंच खोल, पाच खण. सहा इंच जाड गठ्ठा आडवा ठेवला तर एका खणात तीन शेजारी शेजारी आणि त्यावर तीन, म्हणजे सहा. रॅकमागे तीस. दोनशे गठ्ठ्यांना सात रॅक लागतील, वाढीसाठी आठवं घ्या. लीगल आकाराचा सहा इंची गठ्ठा साडेआठ-नऊ किलोचा भरतो, म्हणजे खणावर पन्नासहून जास्त किलो आणि आख्खं रॅक अडीचशेच्या पुढे. वरच्या मजल्यावर लाकडी तक्तपोशी असेल तर रॅक तिथे नेऊ नका. रॅक भिंतीला टेकवायचंही नाही. सहा इंच सोडायचे, आणि सगळ्यात खालचा खण जमिनीपासून सहा इंच वर. भिंतीची ओल आणि वाळवी दोन्ही तिथूनच येतात.

रुमालासाठी एक मीटर बाय एक मीटर मांजरपाट. बांधण्याआधी धुऊन खळ काढून घ्या, कारण कसर आणि झुरळं त्या खळीसाठीच येतात. वर-खाली पुठ्ठा घालायचा, नाहीतर गाठीच्या दाबाने कडेची पानं मुडपतात. सुतळीने कागद कापला जातो, फीत वापरा. लोखंडी टाचण्या काढाच. पावसाळ्यात गंज चढतो आणि टाचणीभोवती तपकिरी भोक पडतं. वर्गवार रंगीत कापड घेण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, पण रंग जिल्ह्याजिल्ह्याला वेगळा. शिवाय स्वस्त लाल कापड भिजलं की रंग कागदावर उतरतो. पांढरं कापड आणि चिठ्ठीवर मोठं अक्षर, हे माझ्या मते चांगलं.

वाळवीची मातीची नळी भिंतीवर दिसली तर नुसती खरवडू नका, दोन फुटांवर दुसरी निघते. जमिनीत आणि भिंतीच्या सांध्यात औषध घालून घ्यावं लागतं, तेही दप्तर बाहेर काढून. कागदावर थेट फवारणी नको. डांबर गोळ्यांचा बंद खोलीत श्वासाला त्रास होतो. सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला किंवा वेखंडाचे तुकडे कापडी पुरचुंडीत ठेवा आणि दर पावसाळ्याआधी बदला. पोथ्यांमध्ये वेखंड ठेवायची पद्धत आपल्याकडे पूर्वीपासून आहे, पण त्याने लागलेली वाळवी मरत नाही, एवढं लक्षात असू द्या.

कोकणातला_पाऊस
पाणी शिरलं तर काय, हेही इथेच लिहून ठेवूया. जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला किती दप्तर चिखलात गेलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. भिजलेला गठ्ठा जागच्या जागी सोडू नका, पानं ओढूनही काढू नका. पसरट ट्रेवर किंवा फळीवर खालून आधार देऊन उचला. बुरशी धरायला साधारण ४८ तास लागतात, म्हणून पहिले दोन दिवस महत्त्वाचे. चिखल असेल तर वही बंद ठेवून वरून स्वच्छ पाणी हळू ओता. शाईने लिहिलेली पानं मात्र पाण्याखाली धरायची नाहीत, शाई वाहून जाते. वीस-पंचवीस पानांमागे एक टीपकागद किंवा कोरा न्यूजप्रिंट घाला, दर काही तासांनी बदला. छापील वर्तमानपत्र घालू नका, त्याची शाई चढते. पंखा लावा, पण वारा थेट पानावर नको. आणि उन्हात वाळत घालायचा मोह टाळा, कागद आक्रसून वेडावाकडा होतो. गुळगुळीत चकचकीत कागदाची पानं वाळली की एकमेकांना चिकटून ठोकळा होतो, त्यांना आधी हात घाला.

दोन दिवसांत आवरणार नाही इतकं भिजलं असेल, तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून गोठवणं हा खरा उपाय. मासळीचा बर्फ कारखाना किंवा शीतगृह जवळ असेल तर आधीच बोलून ठेवा.

सहागठ्ठा
आगीसाठीही दोन ओळी. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा किती नस्त्या गेल्या ते ठाऊक आहेच. दप्तराच्या खोलीत मुख्य स्विच बाहेर हवा, चहाची शेगडी आणि झेरॉक्स मशीन आत नको. कोरड्या पावडरीचं अग्निशामक दाराजवळ टांगा आणि भरल्याची तारीख दरवर्षी बघा.

नवखा_पंचायत
सगळ्यांचे आभार. खडूने नंबर घालून झाले, २१४ निघाले. आता नष्ट करण्याची रीतसर पायरी सांगा. परवानगी कुणाची, आणि कागद प्रत्यक्ष नष्ट कसा करायचा?

दप्तरदार
पायऱ्या अशा. आधी नाशन यादी, म्हणजे नष्ट करायच्या नस्त्यांची यादी. तिच्यात नस्ती क्रमांक, विषय, वर्ग, निकालाची तारीख, मुदत संपल्याची तारीख, पृष्ठसंख्या आणि चार प्रश्न: लेखापरीक्षण पूर्ण झालं का, न्यायालयात काही चालू आहे का, चौकशी चालू आहे का, माहिती अधिकारात कुणी मागितलं आहे का. एकाही रकान्यात "हो, चालू" आलं तर ती नस्ती यादीतून बाहेर. शेवटचा प्रश्न फार जण विसरतात. माहिती अधिकारात मागितलेली माहिती नष्ट केली तर कलम २० खाली रोज २५० रुपये, कमाल २५ हजार, आणि तो दंड माहिती अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून.

यादीवर ग्रामपंचायत अधिकाऱ्याची सही, मासिक सभेसमोर माहितीसाठी, मग पंचायत समितीकडून लेखी मंजुरी. तोंडी "हो करा" चालत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ खाली परवानगीशिवाय अभिलेख नष्ट केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मंजुरीचा आदेश आला की त्याचा क्रमांक नाशन नोंदवहीत. ही नोंदवही स्वतः कायम. वीस वर्षांनी कुणी "ती फाइल कुठे" विचारलं तर एवढं एकच पान तुम्हाला वाचवेल.

नष्ट झालेली आणि हरवलेली यात फरक आहे. "अभिलेख आढळून येत नाही" हे माहिती नाकारायचं कारण नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट सांगितलं, की सरकारी कागद सापडत नाही म्हणून हात झटकता येणार नाहीत, शोध घ्या आणि जबाबदारी ठरवा. नोंद नसेल तर तुम्ही नियमाने नष्ट केलेली नस्तीसुद्धा हरवलेली ठरते.

लेखाआक्षेप
प्रत्यक्ष नाशनाबद्दल. जाळू नका. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ साली उघड्यावर कचरा जाळण्यावर पाच हजारांचा, मोठ्या प्रमाणात असेल तर २५ हजारांचा दंड ठरवला आहे. शिवाय बांधलेला गठ्ठा जाळला की कडा जळतात, आतला भाग नीट वाचता येतो. सकाळी पोरं ती पानं घेऊन जातात.

रद्दीवाल्याला आख्खी पानं देऊ नका. त्यात आधारच्या झेरॉक्स, पासबुकाची पानं, उत्पन्नाचे दाखले असतात. कार्यालयातल्या छोट्या श्रेडरचा हिशेब करून बघा: ३०० किलो म्हणजे साधारण ५२ हजार पानं. एकावेळी दहा पानं घातली तर ५,२०० फेऱ्या, फेरीला बारा सेकंद धरले तरी सतरा तासांहून जास्त, आणि असलं यंत्र पंधरा मिनिटांत गरम होऊन बंद पडतं. म्हणून मोठा लॉट असेल तर कागद कारखान्यात लगदा करून घ्या. गाडी भरताना वजनकाट्याची पावती, सोबत दोन साक्षीदार, लगद्याच्या टाकीत पडेपर्यंत थांबायचं आणि कारखान्याचा दाखला घ्यायचा. आलेली रक्कम ग्रामपंचायत निधीत नमुना ७ च्या पावतीने जमा करा. ती चहापाण्यात गेली तर लेखापरीक्षणात तोच पहिला आक्षेप.

मोडीवाचक
एक विनंती. नाशन यादी मंजूर झाल्यावर, गाडी भरण्याआधी, यादीतला प्रत्येक गठ्ठा उघडून वरची, मधली आणि खालची पानं एकदा बघा. जुन्या काळात जागा भरायला म्हणून दोन विषय एका रुमालात बांधत. गठ्ठ्यावर "पत्रव्यवहार १९८५" आणि आत मधोमध कोतवाल बुक, असं होतं.

नवखा_पंचायत
गठ्ठा क्रमांक ११७ तसाच निघाला. वर किरकोळ आवक पत्रं आणि मध्ये शिरोरेषेला लटकलेली अक्षरं. मोडी वाचणारे जवळपास कुणी नाहीत, तोवर काय करू?

मोडीवाचक
ती वही वेगळी काढा. ११७ च्या जागी एक चिठ्ठी ठेवा: "यातून एक वही काढली, पाने इतकी, तारीख, सही". वहीला नवा क्रमांक ११७-अ. पानांना कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने पृष्ठांक द्या. शाईने नको, शिक्काही नको. पांढऱ्या धुतलेल्या मांजरपाटात बांधून लोखंडी कपाटात, तळाच्या नव्हे, मधल्या खणात ठेवा. पुराभिलेख संचालनालयाच्या पुणे कार्यालयात पेशवे दफ्तर आहे, मोडीची माणसं तिथे आहेत. पत्राने विचारा. वही पाठवू नका, पहिल्या चार पानांचे स्पष्ट फोटो जोडा.